आंबाडीच्या डब्यातला विंचू
आंबाडीच्या भाजीचा वास आला की माझ्या पायाचा अंगठा आजही ठणकतो. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या शेतात मी भाताचं तणस उपसत होतो आणि विंचवानं असा डंख मारला, की माझी बोंब ऐकून तीन गावांच्या वाघांनी जंगल बदललं! अंग घामानं भिजलं, हातपाय गार पडले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "विंचू काळा होता की लाल?" एवढी कळ देणारा तो लहानसा लाल विंचू कसा असेल? मी सांगितलं, "काळा जी, खेकड्याएवढा!" "मग नुसतं दुखेल. आमच्याकडची लस लाल विंचवाच्याच विषावर चालते," त्या म्हणाल्या, पण माझा घाम पाहून घुटमळल्या. तेवढ्यात बायकोनं मांडीवरचा माझा जेवणाचा डबा पुढं केला. "यायचं नोका आयकू, बाई. यायले उंदीरबी वाघ दिसते. हा पाहा." भाजी बांधावर ओतून, काडीनं लोटून तिनं तो विंचू जिवंत आणला होता, दोन पेरांएवढा, लाल. "अहो, हाच तर जीव घेतो!" म्हणत बाई लस आणायला धावल्या. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून तो डबा तिनं वाटभर पोटाशी धरला होता. मग माझा घाम थांबेपर्यंत ती माझे गार तळवे चोळत बसली. तिच्या हातांना आंबाडीचाच वास होता. आजही तिनं दिलेला डबा उघडण्याआधी मी झाकणावर टिचकी मारतो, आणि ती म्हणते, "भाजीच आहे जी, काऊन भेऊन राह्यले?"