झिरा नंबर तीनचं पाणी

शिजलेल्या तुरीच्या डाळीचा वास आला की ती घटना मला आजही आठवते. नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. त्यांतल्या कशानेही मला या प्रकरणाइतकं खजील केलं नाही.

साठच्या दशकाची सुरुवात होती. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, आमचं ठाणं धुळे जिल्ह्यात मोडायचं. शहाद्याहून एसटीने तासाभराच्या वाटेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी देशावरून आलेला नवा फौजदार. कॉलेजात असताना पत्रकं वाचून आणि वाटून डोकं तापलेलं, त्यामुळे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी ठाण्यातले तीन माठ काढून टाकले. एक साहेबांचा, एक शिपायांचा आणि एक ‘बाकीच्यांचा’, असे ते तीन होते. त्यांच्या जागी एकच माठ ठेवला आणि सांगितलं, फिर्यादी असो, आरोपी असो, पाणी यातलंच प्यायचं.

ठाण्याचे हवालदार वयाने मला वडिलांसारखे, तापीकाठचे. त्यांनी सलाम ठोकला आणि पुटपुटले, “माठ एक करशात साहेब, पन पानी कोठलं आनशात?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. ठाण्याच्या विहिरीचं पाणी मचूळ आणि जड. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही. दोन-दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्याशी फटकून वागायचा. मी एकटा राहायचो, जेवण हवालदारच शिजवून घ्यायचे. दुपारच्या जेवणानंतर मी पोट धरून बसायचो आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा, जणू ठाण्याच्या हद्दीत दरोडा पडला आहे आणि आरोपी सापडत नाही.

त्याच सुमारास डोंगरात सरकारी सर्वेक्षणाचा कॅम्प पडला. युरेनियम नावाचं खनिज शोधायचं होतं. चाचणीसाठी खणलेले दगड दळायला तिथे एक छोटी गिरणी बसवली होती. गिरणीखालच्या उतारावर तीन झिरे, म्हणजे पाझराच्या पाण्याचे खड्डे होते आणि त्यांच्या आसपास एक पाडा. तिसऱ्या झिऱ्याचं पाणी भर उन्हाळ्यातही आटत नसे, म्हणून अख्खा पाडा त्यावर जगत होता. गिरणी सुरू झाल्यापासून पाण्याची चव बदलली, अशी तक्रार पाड्याचा कारभारी काही महिने करत होता. कॅम्पचे साहेब सरळ माणूस. त्यांनी दर बुधवारी तिन्ही झिऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं.

बाटल्या भरायचं काम कॅम्पवरच्या खलाशाकडे, म्हणजे सामान वाहणाऱ्या मजुराकडे होतं. तो त्याच पाड्यातला पावरा आदिवासी, घरी पावरी बोलायचा आणि बाजारात अहिराणी. गवतात रचलेल्या बारा मोठ्या बाटल्यांची पेटी डोक्यावर घेऊन तो तीन तास उतरून दुपारी ठाण्यात यायचा. कॅम्पकडे लाखेचा शिक्का नव्हता, म्हणून आमच्या ठाण्याचा पितळी शिक्का वापरायचा असं ठरलं होतं. पेटी आली की हवालदार बुचांवर लाख ओतून शिक्के मारायचे. रात्रभर पेटी मुद्देमालाच्या खोलीत राहायची आणि गुरुवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला रवाना व्हायची. स्टेशन डायरीत तशी नोंद व्हायची. मी या व्यवस्थेवर खूश होतो.

दोन महिन्यांनी धुळ्याहून वरिष्ठांचा टेलिफोन आला.

“तुमच्या हद्दीत काय चाललंय? मुंबईचं पत्र आलंय. पहिल्या बाटल्यांत तिसऱ्या झिऱ्याच्या पाण्यात शंकास्पद अंश निघाला. पुढे सगळ्या बाटल्यांत एकच पाणी. तिन्ही झिरे सारखे, आणि खारट. डोंगराचा झिरा खारट असतो का?”

“नसतो साहेब.”

“मग कोणीतरी पाणी बदलतंय. अणूचा मामला आहे, परकीय हात असू शकतो. महिनाअखेर छडा लावा. खरं पाणी मिळालं नाही, तर खबरदारी म्हणून तिसऱ्या झिऱ्याला तारेचं कुंपण घालायचा हुकूम तयार आहे.”

“आणि पाड्यातल्या लोकांनी पाणी कुठून आणायचं?”

“ते त्या हुकमात लिहिलेलं नाही.”

दिवस मे महिन्याचे होते. पहिले दोन झिरे जेमतेम बाटल्या भरण्यापुरते पाझरत होते आणि पुढचा पाण्याचा झिरा दोन डोंगर पलीकडे. गुन्हेगार सापडला नाही तर शिक्षा कोणाला होणार होती, हे स्पष्ट होतं. मी पेटून उठलो.

खबर तिसऱ्या दिवशी आली. एसटी थांब्यावरचा चहावाला आमचा खबऱ्या होता. कामापेक्षा जास्त बोलायची त्याची सवय मी सहन करत असे. तो म्हणाला, “साहेब, तो खलाशी दर बुधवारी वाटवरनी विहिरीपान बसस. पेटी उघाडस. काय तरी करस आन परत बंद करस. मी सोता दखेल शे.”

वाटेवर विहीर, उघडी पेटी आणि खारट पाणी. माझ्या डोक्यात आरोपपत्राचा मसुदा तयार झाला. डोंगर चढायचा कंटाळा, नाहीतर कोणीतरी चारलेली लाच. बुधवारी खलाशी पेटी घेऊन आला, तेव्हा मी पेटी हवालदारांच्या ताब्यात दिली आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं. चार वाजता जबाब घ्यायला बसलो. हवालदार तोवर शिक्के मारून मोकळे झाले होते आणि दारापाशी उभे होते.

“पाणी कुठून भरतोस?”

“तिन्ही झिरासमाईन.”

“वाटेवरच्या विहिरीवर पेटी का उघडतोस?”

“गवत भिजाडाले. कॅम्पना साहेब सांगस, बाटल्या थंड्या ऱ्हायाले पाहिजेत.”

“कोणी परका माणूस भेटला? खरं सांग.”

त्याने विचार केला. “भेटना ना.”

मी लेखणी सरसावली. “कोण?”

“तुम्ही,” तो म्हणाला. “बाकी बठ्ठा अठलाच शेतस.”

दारापाशी हवालदारांना खोकला आला. मी आवाज चढवला. कोठडी, खटला, सक्तमजुरी, सगळं ऐकवलं. तो घाबरला नाही, चिडला.

“साहेब, मन्ही पोर तोच झिरानं पानी पेस. बायको पेस, मी पेस. त्या पानीमा काय शे, हाई माले समजाले पाहिजे का नको? मी कसाले खोटं पानी भरू?”

असा प्रश्न आला की पोलीस अधिकारी पाणी मागवतो. शिपायाने माठातून दोन पेले आणले, एक मला आणि एक त्याला. एकच माठ होता ना.

खलाशाने एक घोट घेतला आणि थांबला. दुसरा घोट तोंडात घोळवला. मग पेल्यात डोकावून पाहिलं.

“साहेब, हाई पानी आमनं शे.”

“काय?”

“तीन नंबरनं. तठे उंबरना मुळ्या शेतस, म्हनीसन जराखं तुरट लागस. एक नंबरनं गोड शे. दोन नंबरले लोखंडना वास येस.”

“हे ठाण्याच्या विहिरीचं पाणी आहे.”

“नही,” तो शांतपणे म्हणाला. “ठानानी विहीरनं पानी ढोरंबी पेत नहीत.”

हवालदार म्हणाले, “साहेब, मी हजेरी लई येस,” आणि वळले. ती वेळ हजेरीची नव्हती.

“थांबा,” मी म्हणालो.

माणसांची ओळख परेड मी प्रशिक्षणात शिकलो होतो. त्या दिवशी पाण्याची घेतली. बाजारातून दोन पंच बोलावले, एक कापसाचा व्यापारी आणि एक निवृत्त मास्तर. टेबलावर पाच पेले ओळीने मांडले. एकात बाजारातल्या विहिरीचं पाणी, एकात नदीचं, एकात ठाण्याच्या विहिरीचं, एकात माठातलं. पाचव्या पेल्यासाठी पंचांसमक्ष त्या दिवशीच्या पेटीतली, तीन नंबरची चिठ्ठी लावलेली बाटली काढली, तिचं सील फोडलं आणि ते पाणी ओतलं. खलाशाला बाहेर पाठवून मी पेल्यांची जागा दोनदा बदलली, नियमाप्रमाणे.

तो आत आला. पहिला पेला. “बाजारनी विहीर.” दुसरा. “नदी.” तिसऱ्यापाशी त्याचा चेहरा खुलला. “आमना झिरा.” तो माठातला होता. चौथा तोंडात घेताच त्याने खिडकीबाहेर थुंकला. “तुमनं ठानं.” पाचवा घेतला आणि पुन्हा खिडकीकडे गेला. “हाईबी तुमनं ठानंच शे.”

पाचवा पेला सीलबंद बाटलीतला होता.

मास्तर म्हणाले, “फौजदारसाहेब, आरोपीने आरोपी ओळखल्याचं मी पहिल्यांदाच पाहतोय.” व्यापाऱ्याने पंचनाम्यावर सही करताना तोंडावर रुमाल धरला होता.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीतून वास आला. शिजलेल्या डाळीचा वास. आणि मला एकदम जाणवलं की गेले दोन महिने दर बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी माझी डाळ मऊ असते. मऊपणा कळला होता, वार जुळवले नव्हते. एकदा तर हवालदारांना म्हणालोही होतो, “आज जमली बुवा तुम्हाला.” चोरी माझ्या ताटात येत होती आणि मी तिच्यावर तूप वाढून घेत होतो.

पंच गेल्यावर मी हवालदारांना समोर बसवलं. माझ्या सबंध नोकरीतला तो सर्वांत लहान जबाब.

“शिक्का मारण्याआधी बाटल्या रिकाम्या केल्या?”

“केल्यात साहेब. एक आन दोन नंबर डाळले, तीन नंबर माठमा.”

“का?”

“तुमनं पोट दुखे ना. डोंगरनं पानी पचस, डाळबी शिजस. आन ते पानी मुंबईले जाईसन काय व्हनार व्हतं? दखतीन आन मोरीमा वती देतीन. पानीना बदले पानी भरी ठेयं. एक बोटबी कमी नही.”

त्यांच्या आवाजात अपराध नव्हता, हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाचा अभिमान होता. एवढ्यात त्यांनाच काहीतरी सुचलं.

“साहेब, त्या पानीमा ते... काय म्हंतस... बॉमनं औषध शे ना?”

“असेल. तेच तर तपासायचं होतं.”

“आन आपू दोन महिना पी ऱ्हायनूत.”

माठ सर्वांसाठी एक होता, त्यामुळे समता पूर्ण झाली होती. शिपाई आपापली जीभ आरशात पाहू लागले. एकाने केस ओढून पाहिले. मी दुसऱ्या दिवशी शहाद्याला जाऊन डॉक्टरांना पोट दाखवलं. त्यांनी पित्त सांगितलं.

मी सगळा अहवाल खरा लिहिला. वरिष्ठांनी तो टेलिफोनवर मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, “मुद्देमाल शिजवून खाल्ला, हेच वाक्य ठेवायचं का?”

“ठेवा साहेब. आणि त्याखालचंही.”

खालचं वाक्य असं होतं: ठाण्याच्या अधिकारी व कर्मचाऱ्यांनी सदर पाणी दोन महिने प्राशन केले असल्याने तपासणी तातडीने व्हावी.

ते वाक्य मी घाबरून लिहिलं होतं, हुशारीने नव्हे. त्याचा परिणाम मात्र विलक्षण झाला. ज्या प्रयोगशाळेला उत्तर द्यायला महिने लागत, तिने आठवड्यात उत्तर देण्याची तार केली. धुळ्याहून जीप आली. मी स्वतः खलाशाबरोबर डोंगर चढलो, तिन्ही झिऱ्यांवर बाटल्या भरल्या, लाख तिथेच वितळवली आणि शिक्का तिथेच मारला. पेटी माझ्या मांडीवर धुळ्यापर्यंत गेली. वाटेत मी ती एकदाही उघडली नाही, तहान लागली तरी.

उत्तर आलं. पहिले दोन झिरे स्वच्छ होते. तिसऱ्यात गिरणीच्या धुवणाचा अंश उतरत होता. आज घातक नाही, पण वर्षानुवर्षं प्यायल्यास घातक, असं त्यात लिहिलं होतं. कॅम्पच्या साहेबांनी तो कागद हातात घेऊन स्वतःच वर लिहिलं की कुंपण झिऱ्याला नको, हलवायची ती गिरणी. पंधरा दिवसांत गिरणी नाल्यापलीकडच्या उतारावर गेली. तोवर तिसऱ्या झिऱ्याचं पिणं बंद ठेवून जीपने पाड्याला पाणी पोहोचवलं गेलं. पाड्याने इतकी वर्षं मागितलेला रस्ता तयार नव्हता, तरी जीप चढली.

हवालदारांच्या सेवापुस्तकात ताकीद लागली, माझ्याही. माझ्यावरचा शेरा असा होता: देखरेखीत हयगय, तसेच मुद्देमालाचा लाभार्थी. खलाशाची मी ठाण्यात सर्वांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, माफीचं राहू द्या, बुधवारी पेटीबरोबर एक शिपाई पाठवा. पुढचे सगळे बुधवार शिपाई गेला, आणि शिक्का झिऱ्यावरच बसू लागला. आमची डाळ पुन्हा कच्ची राहू लागली. ती मी न कुरकुरता खाल्ली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. संशयिताला बाकावर बसवण्याआधी स्वतःचं ताट पाहावं, हे तर शिकलोच. पण खरी गोष्ट मला पाड्याच्या कारभाऱ्याने शिकवली. पावसाच्या तोंडावर मी वर गेलो होतो. गिरणी हलल्यानंतर भरलेल्या बाटल्या स्वच्छ निघाल्या होत्या आणि झिरा पुन्हा सुरू झाला होता. म्हाताऱ्याने तांब्या भरून माझ्यापुढे धरला. मी क्षणभर थांबलो. ते त्याने पाहिलं.

“प्या साहेब,” तो म्हणाला. “आम्ही सहा महिना तक्रार करी, कोनी ऐकं नही. तुम्ही पिधं आन सरकारले तहान लागनी. आते दर साल एकदाव येत जा. तुम्ही पेत ऱ्हायनात, म्हंजे आमनं पानी चांगलं ऱ्हाई.”

मी तांब्या रिकामा केला. जरासं तुरट होतं. बदली होईपर्यंत दर वर्षी मे महिन्यात मी त्या झिऱ्यावर जाऊन पाणी प्यायचो, आणि स्टेशन डायरीत तशी नोंद करायचो.