बेस वाजला की हेडलाईट मिचकते

आमच्या जीपमध्ये सीट नऊ आणि माणसं चौदा. किस्स्यांचंही तसंच. एक उतरायच्या आत दुसरा चढतो, आणि शेवटी सगळे माझ्याच मांडीवर येऊन बसतात, कारण मी जीपमध्ये बोलत नाही. बोलणारे सांगून मोकळे होतात. न बोलणाऱ्याकडे साठत जातात.

जीप परशुमामाची. मामा माझा सख्खा मामा नाही, अख्ख्या वाडीचा मामा आहे. रोज सकाळी सातला तो आम्हाला वाडीतून उचलतो आणि कुंभारवाड्यावरून जोयड्याला, म्हणजे तालुक्याच्या गावी, सोडतो. बससुद्धा आहे, पण ती आली की लोक विचारतात, आज काय विशेष?

मी दहावीला आहे. जीप रखडली की शाळेला उशीर होतो. आणि उशीर होत राहिला तर मला जोयड्याच्या हॉस्टेलात ठेवायचं, हे बाबांनी जूनमध्येच सांगून टाकलं होतं. हॉस्टेलात एका खोलीत बारा मुली असतात. म्हणजे रोज अकरा जणींशी बोलायचं. म्हणून परशुमामाची जीप वेळेवर सुरू व्हावी, असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल. मामालाही नाही.

* * *

दसऱ्याला मामाने जीपला हिरवा ऑइलपेंट मारला. स्वतः, ब्रशने. मामा एकदा रंगवायला लागला की थांबत नाही. बॉडी झाली, मडगार्ड झाले, मग बॉनेट उघडून बॅटरीजवळचा पत्रासुद्धा झाला. त्यासाठी सोडलेल्या वायरी त्याने नंतर होत्या तिथे आवळून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सखूअज्जी नेहमीच्या जागी बसली. सखूअज्जी बाजाराला कंदांनी भरलेली बुट्टी डोक्यावर घेऊन येते आणि जीपमधल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत असतं. जोयड्याला उतरली तेव्हा तिच्या लुगड्यावर हातभर हिरवा पट्टा.

"परश्या, वाळलाय म्हणालास न्हवं?"

"आता वाळलाय की अज्जी. तुमी बसला तवा वाळत हुता."

"बरं झालं सांगितलास," अज्जी म्हणाली. "निम्मी जीप माझ्या अंगावर हाय. उद्यापासनं तू मला घ्यायला यिऊ नगंस, मी तुला घ्यायला येते."

* * *

त्याच आठवड्यात रामनगरहून गाण्यांसाठी अँप आला. खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं. बरोबर एक मोठा स्पीकर, दोन्ही मागच्या बाकाखाली गेले आणि अज्जीची बुट्टी माझ्या मांडीवर आली.

सकाळी घाटात धुकं असतं, म्हणून लाईट लावावी लागते. मामाने गाणं लावलं, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाईट मंद व्हायला लागली. धम्म, मंद. धम्म, मंद.

"समोरच्याला वाटंल आपण डोळा मारतोय," अज्जी म्हणाली.

"वाटू दे की. वाट तरी सोडंल."

समोरून वाळूचा एक ट्रक येत होता. आमची लाईट बघून तो थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून नीट पाहिलं आणि ट्रक तसाच रिव्हर्स घेत पार वळणाच्या मागे निघून गेला. पुढे पोलीस असले की आमच्याकडे समोरची गाडी अशीच लाईट मारून सांगते.

मामा खूश झाला. म्हणाला, "बेस चांगला हाय."

* * *

मग फ्यूज उडायला लागला. दोनदा नवीन घातला, दोनदा उडाला. तिसऱ्यांदा मामाने माझ्या मैत्रिणीकडून, विद्याकडून, चॉकलेटचा चांदीचा कागद मागून घेतला आणि फ्यूजला गुंडाळला.

"आता उडून दाखव," असं तो फ्यूजला म्हणाला.

फ्यूज उडाला नाही. त्या दिवसापासून मागच्या बाकावर बसायला भांडणं व्हायला लागली. थंडीचे दिवस होते आणि त्या बाकाखालून छान ऊब यायची. अज्जी तर चप्पल काढून पाय आत घालून बसायची. "परश्या, ह्ये एक काम चांगलं केलास बघ. गुडघ्याला लई बरं वाटतंय."

मामा रामनगरला गेला तेव्हा तिथल्या फिटरने बाक उचलून पाहिला आणि डोक्याला हात लावला. अँपला जाणारी वायर इतकी तापली होती की तिचं प्लास्टिक मऊ झालं होतं.

"मामा, ही वायर कुठली घातलासा?"

"घरातली हाय. चांगली हाय की. कॉपर हाय."

"ही दारावरच्या बेलची वायर हाय. एवढा करंट ह्यातनं कसा जाईल? आनि फ्यूज असा बांधून टाकलासा तर पेटंल न्हवं गाडी!"

त्याने बोटाएवढी जाड वायर घातली, बॅटरीजवळ नवा फ्यूज बसवला, आणि बजावलं की फ्यूज उडाला तर का उडाला ते बघायचं, कागद नाही गुंडाळायचा.

दुसऱ्या दिवशी अज्जीने बाकाखाली पाय घातले आणि लगेच बाहेर काढले. "बिघडवून आणलास व्हय?"

* * *

जीप दसऱ्यापासूनच सकाळी कुरकुरत होती, जाड वायर आली तरी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक्. मग सगळे उतरणार, पदर खोचणार आणि ढकलणार. बॉनेटचा दांडा मोडलेला आहे, म्हणून मामा आत बघत असेपर्यंत कुणीतरी बॉनेट धरून उभं राहायला लागतं. ते काम माझं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

शाळेच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे उशिराची खूण तिसऱ्यांदा आली, तेव्हा बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "मामाला सांगू, का हॉस्टेलला?"

बाबा कमी बोलतात. माझं न बोलणं त्यांच्याकडूनच आलंय, असं आई म्हणते.

त्यांनी मामाला सांगितलं. मामाने मनावर घेतलं आणि जीपला दुसरी बॅटरी बसवली. "आता एक दमली तर दुसरी हाय," तो म्हणाला.

अज्जीने दोन्ही बॅटऱ्यांकडे बघून विचारलं, "ह्यास्नी भरतंय कोण?"

"आल्टरनेटर. इंजिन फिरलं की त्यो करंट करतोय."

"त्यो किती हाय?"

"एकच हाय."

"म्हंजे झऱ्याखाली एक घागर भरंना, म्हणून तू दुसरी ठेवलास. झरा तेवढाच."

"अज्जी, तुमाला करंटमधलं काय कळतंय?"

"न्हाई बाबा, काय बी न्हाई कळत."

दुसऱ्या दिवशी सकाळी टक्. सगळे उतरले. चढावर जीप हलता हलेना. मामा खिडकीतून ओरडला, "जोर लावा की, आज काय झालंय?"

"एक घागर वाढलीया," मागून अज्जी म्हणाली.

* * *

विज्ञानाच्या तासाला सरांनी प्रत्येकाला सेल, वायर आणि बल्ब दिला. माझा बल्ब पेटेना. सरांनी सेल बदलला, तरी नाही. मग त्यांनी वायरीचं टोक पॉलिश पेपरने घासलं आणि बल्ब पेटला.

"सेल नुसता भरलेला असून भागत नाही," सर म्हणाले. "विजेला जायला लख्ख धातू लागतो. मध्ये गंज असला, रंग असला, की वाट अडली."

मला एकदम बॉनेटखालचा तो बोल्ट दिसला. बॅटरीची मायनसची जाड वायर त्या बोल्टने जीपच्या पत्र्याला जोडली आहे. सगळी वीज फिरून त्याच वाटेने परत येते. मामा रोज बॅटरीवरची टोकं पुसायचा, ग्रीस लावायचा. वायरीच्या दुसऱ्या टोकाकडे कुणी बघत नव्हतं. तिथे दसऱ्याचा हिरवा रंग होता.

उरलेला पॉलिश पेपर मी कंपासमध्ये ठेवला. आता फक्त मामाला सांगायचं होतं.

पहिल्या दिवशी मी हाक मारली, पण गाणं चालू होतं. मलाच माझा आवाज ऐकू आला नाही.

मग एकदा गाणं बंद असताना म्हटलं, "मामा."

"काय गं सुजे?"

बाकीची तेरा माणसं माझ्याकडे बघत होती.

"इथंच उतरायचंय," मी म्हणाले.

शाळा अजून दोन किलोमीटर होती. विद्याही माझ्याबरोबर उतरली. ती अर्धा रस्ता बोललीच नाही, आणि हे विद्याच्या बाबतीत फार मोठं आहे.

नंतर मी सगळं कागदावर नीट लिहिलं, आकृती काढली, आणि चिठ्ठी मामाच्या सीटवर ठेवली. जोयड्याला उतरताना पाहिलं तर अज्जीने तिच्यात पान-सुपारी बांधून घेतली होती.

* * *

एका सोमवारी बाबा आमच्याबरोबर जीपला आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात हॉस्टेलचा फॉर्म होता.

मामाला ते कळलं होतं. त्याने दोन्ही बॅटऱ्या आदल्या दिवशी रामनगरला नेऊन चार्ज करून आणल्या होत्या. अँप बंद होता. स्पीकरवर पोतं टाकून ठेवलं होतं. बाबांना त्याने पुढची सीट दिली आणि किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

सवयीने सगळे उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले. बाबांनी खिशावर हात ठेवला. मामाने बॉनेट उघडलं, मी धरलं.

"बॅटऱ्या फुल्ल हाईत की," मामा इंजिनाकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मग करंट जातोय कुठं?"

"बाबा," मी म्हणाले, "हे धरा."

बाबांनी बॉनेट धरलं. मी कंपास उघडून पॉलिश पेपर काढला आणि मामाच्या पुढे केला.

"ह्ये काय?"

मी बोल्टवर बोट ठेवलं. "खाली रंग हाय. दसऱ्याचा."

मामाने पाना लावून बोल्ट काढला. पत्रा हिरवा. वायरीच्या टोकालाही हिरवं चिकटलेलं. तो पत्रा लख्ख होईपर्यंत घासत राहिला, मग वायर पुन्हा आवळली आणि किल्ली फिरवली.

जीप एका झटक्यात सुरू झाली. मागे ढकलायला उभे असलेल्यांचे हात तसेच राहिले.

मामाचे हात ग्रीसने काळे झाले होते. तो पुसायला काही शोधत होता. बाबांनी खिशातला कागद काढून त्याला दिला.

हात पुसून झाल्यावर मामाने कागद उलटा करून पाहिला. "अण्णा, ह्यो कामाचा हुता काय?"

"हुता," बाबा म्हणाले. "आता न्हाई."

सगळे चढले. जीप निघाली. पहिल्या वळणावर मामाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सुजे, आज नेमका पॉलिश पेपर कुठनं आनलीस गं?"

"कंपासमधनं."

"कवापासनं हाय कंपासमधे?"

आज गाणं नव्हतं.

"तीन आठवडे," मी म्हणाले.

सखूअज्जीने माझ्या मांडीवरची बुट्टी उचलून खाली ठेवली आणि सावकाश माझ्याकडे वळली.

"तीन आठवडं," ती म्हणाली. "आनि मी मागनं ढकलतीया."