एका माणसापुरती शेगडी

मी पथकात लागले ती रक्ताचे नमुने घ्यायला आणि काचपट्ट्या तपासायला. स्वयंपाकाला नाही. हे मी पहिल्या दौऱ्यापासून सांगत होते, फक्त ते ऐकू कुणाला येत नव्हतं.

एका संस्थेचं आमचं हिवताप तपासणीचं पथक. माणसं तीन. साहेब, ड्रायव्हरभाऊ आणि मी. भामरागडच्या पुढच्या गावांमध्ये पावसाळ्यात जीप एका जागी थांबते, तिथून सगळं पाठीवर घेऊन चालायचं. चिखल, नाले, पुन्हा चिखल. मुक्कामाला गावातली शाळा. शाळेच्या पडवीत पोचलो की साहेब आधी बूट काढायचे, मग पाय लांब करायचे आणि म्हणायचे, "बाई, चाय मांडा."

पावसात भिजलेली लाकडं कशी पेटतात ते ज्यानं पेटवली त्यालाच ठाऊक. तीन दगड मांडायचे, खाली कागद, वर काड्या, आणि फुंकत बसायचं. धुरानं डोळे चुरचुरायचे. चहा झाला की भात. भात झाला की भांडी. आणि हे सगळं आटोपल्यावर दिवसभराच्या काचपट्ट्या रंगवायच्या. तेवढा वेळ साहेब गावातल्या कुणाशी तरी रस्त्याच्या गप्पा मारत असायचे.

मी घुग्घुसची. वडील कोळसा खाणीत होते, आता घरी असतात. सुट्टीत घरी गेले तेव्हा आई ओसरीवरची काळी धूळ झाडत होती. ती धूळ दिवसातून कितीही वेळा झाडा, तासाभरात पुन्हा हजर. मी तिला हे सगळं सांगितलं. आई झाडू हातात तसाच धरून उभी राहिली.

"माह्या आईच्या हातचं पाणी कोणी पेत नव्हतं," ती म्हणाली, "अन् आता तुह्या हातचाच चाय पाहिजे त्याइले? वा! तू शिकली काऊन मग?"

"मी काय करू पण? उपाशी राहू?"

"तुह्यापुरतं रांध. त्याइचं ते पाहून घेतीन."

माझ्यापुरतं. मला ते फार आवडलं. त्याच दुपारी मी मोबाईलवर डोंगर चढणारे लोक पाठीवर काय नेतात ते शोधायला बसले.

पहिली शेगडी कुरियरनं आली. मुठीत मावेल एवढी, घडी होणारी. गॅसच्या छोट्या डब्याच्या डोक्यावर ती फिरकीनं बसवायची आणि तिच्या डोक्यावर गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, ठेवायचा. गॅसचा डबा मात्र कुरियरवाला आणेना. तो घ्यायला मी नागपूरला गेले. गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हिमालयात चालल्या का मॅडम?"

"भामरागडले," मी म्हणाले.

तो हसला. मी हसले नाही. त्याच्याकडे दुसऱ्या जातीची शेगडीही होती. तीन पसरट पाय, जमिनीलगत बसणारी, आणि लांब नळी. डबा वेगळा, हातभर दूर ठेवायचा. दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय मी कुणाचं ऐकणार नव्हते. तीही घेतली.

ताडून पाहिलं आमच्या अंगणात. पहिल्या शेगडीवर पाणी असं झटक्यात उकळलं की आई थक्क झाली. पण वाऱ्याची एक झुळूक आली आणि ज्योत आडवी. मी पत्र्याचा तुकडा वाकवून सगळीकडून आडोसा केला. थोड्या वेळानं डब्याला हात लावला तर तो कोमट. आडोशाची उष्णता खाली डब्यालाच लागत होती. तो पत्रा मी लाथेनंच उडवला. मग तांदूळ टाकले. ज्योत सगळी मधोमध, त्यामुळे मधला भात करपला आणि कडेचा कच्चा. वर गंज उंचावर, खाली डबा अरुंद. आईनं चमचा फिरवला तर सगळंच डोलायला लागलं.

"हे तं बगळ्यावानी एका पायावर उभं हाय," आई म्हणाली.

नळीवाली जड होती. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या. पहिली एका कांद्याच्या वजनाची, दुसरीसाठी त्यानं तीन-चार बटाटे टाकले आणि विचारलं, "बाई, हे कोणतं पीक?" उघडायला आणि घडी करायलाही ती जास्त वेळ घेई. पण तिच्याभोवती आडोसा लावला तरी डबा बाहेर थंड. ज्योत हवी तेवढी बारीक होत होती. भात एकसारखा शिजला. चमचा फिरवला, धक्का दिला, जागची हलली नाही. खटका दाबून पेटायची सोय दोन्हीकडे होती, पण ओल्या हवेत तो खटका नुसताच वाजतो. म्हणून मी काडेपेटी औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घालून ठेवली. नळीवाली पिशवीत गेली. पाठीवर चार बटाटे जास्त, चालेल.

गंज मी मुद्दाम लहान घेतला. आईनं तो उलटासुलटा केला.

"एवढासा? बाकीचे काय खातीन?"

"बाकीच्याइले हात हायेत."

आई खूप वेळ हसत होती.

पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्याच मुक्कामाला साहेबांनी बूट काढले, पाय लांब केले. "बाई, चाय मांडा."

मी शेगडी काढली. पाय उघडले, नळी जोडली, काडी लावली. एक कप पाणी, पत्ती, साखर, दुधाची पावडर. उकळला, गाळला, भिंतीला टेकून प्यायले. इतका चांगला चहा मी त्या पडवीत कधी प्यायले नव्हते. साहेब वाट बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं.

"आमचा?"

"हा गॅस, हा गंज, पत्ती त्या पुडीत हाय."

"बाई, टीमवर्क म्हणून काही असते."

"असते ना साहेब. तुमी करा, मी पेते."

ड्रायव्हरभाऊ उठले. त्यांनी केलेला चहा इतका गोड होता की मुंग्याही लाजल्या असत्या. पण केला त्यांनी. साहेबांनी तोंड वाकडं करत संपवला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवण त्या मुक्कामी गावच्या पाटलांकडे झालं म्हणून निभावलं.

खरी गंमत पुढच्या गावात झाली. आम्ही पोचलो आणि मागचा नाला भरला. पाणी ओसरेपर्यंत शाळेतच राहायचं होतं. गावात तेव्हा धानाच्या रोवणीची, म्हणजे लावणीची, गडबड आणि घराघरातलं धान्य तळाला गेलेलं. कुणाकडे जेवायला बसायची मला लाज वाटत होती. आमच्याकडे तांदूळ-डाळ होती. मी माझा भात केला, खाल्ला, गंज घासला आणि शेगडी त्या दोघांपुढे ठेवली.

साहेबांनी शाळेचं खिचडी शिजवायचं मोठं पातेलं आणून त्यावर ठेवलं. बिचाऱ्या शेगडीचे पाय वाकायला आले. पावसाचे शिंतोडे येत होते म्हणून त्यांनी गॅसचा डबा उचलून थेट ज्योतीजवळ, आडोशाच्या आत सरकवला.

मी जागेवरून झेपावले आणि नळीसकट डबा बाहेर ओढला, ज्योत बंद केली.

"हे काय?" साहेब ओरडले.

"डबा तापला तं खिचडीसंग आपणबी उडू."

"आता तुम्ही मला शिकवाल?"

"हो. शेगडी माही हाय. नीट वापरायची असन तं घ्या, नाई तं थे तीन दगड पडले."

साहेबांनी माझ्याकडे, मग पावसाकडे पाहिलं आणि खरंच दगड मांडले. स्वाभिमान म्हणा की राग. उकिडवे बसून फुंकू लागले. थोड्या वेळात सगळी पडवी धुरानं भरली आणि साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी काचपट्ट्या घेऊन दारापाशी उजेडात बसले. मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही, कारण वाटलं नाही.

तेवढ्यात एक माडिया बाई आली. सकाळी तिच्या लेकीचं रक्त मी घेतलं होतं. बांबूचे कोवळे कोंब, आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात, ते चिरून तिनं पानात बांधून आणले होते. ती शेगडीपाशी बसली. नळीवरून बोट फिरवलं. गंजात डोकावली.

"यात किती माणसं खाते?"

"एक."

"तू एकलीच खाते?" तिला ते मुळीच पटलं नाही. "काऊन?"

"सगळ्याइचं रांधलं तं रोज मलेच रांधाले लावते."

तिनं साहेबांकडे पाहिलं. ते तोंड लाल करून फुंकत होते. ती माडियात काहीतरी बोलली. ड्रायव्हरभाऊंना ती भाषा येते. ते सांगायला तयार होईनात. मी म्हणाले, "सांगा भाऊ, काई होत नाई."

"ते म्हणते, आमच्या इथी पूजा असली की गडीमाणसंच रांधते. या माणसाले कोणी शिकवलं नाई का?"

साहेब फुंकायचे थांबले. त्यांनी तिला विचारलं, "बाई, ओलं लाकूड कसं पेटते, जरा दाखवता का?"

ती उठली, लुगडं झटकलं. "माझा रोवणा हाय," म्हणाली आणि बांधाकडे वळली. मी तिला हाक मारून थांबवलं. म्हटलं, रोवणा झाला की ये, तुझे वास्ते तुझ्यासोबतच खाईन. ती दिवस मावळायच्या आत आली. बारीक ज्योतीवर, मीठ-मिरची घालून वास्ते शिजवले. त्या एवढ्याशा गंजात आम्ही दोघींनी हात घातले. एका माणसापुरता गंज दोघींना पुरतो, फक्त दुसरं कोण ते मी ठरवते. साहेब आणि ड्रायव्हरभाऊंनी अर्धकच्ची, धुरकट खिचडी खाल्ली. कुणीही मेलं नाही.

परत आल्यावर साहेबांनी चंद्रपूरच्या ऑफिसात माझी तक्रार केली. सहकार्य करत नाही म्हणे. मला बोलावणं आलं. आमच्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"माझी एकतरी काचपट्टी चुकीची निघाली का?" मी विचारलं.

"नाही."

"एखादं घर सुटलं?"

"नाही. पण चहा-जेवणाचं म्हणत होते."

"मॅडम, ते माझ्या नेमणुकीत नाही. त्यांना हवं असेल तर स्वयंपाकी द्या. त्याला त्याचा पगार द्या. मी त्याच्याही हातचं आनंदानं खाईन."

स्वयंपाकी काही मिळाला नाही. मात्र रांधायचं काम पाळीपाळीनं करायचं ठरलं, आणि बोलणी मला बसली नाहीत. काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. आवाज खाली होता. कोणती शेगडी घ्यावी? मी सरळ सांगितलं, नळीवाली घ्या, जड आहे पण तुमच्या हाताला तीच सोसेल. त्यांनी डोक्यावर बसणारीच घेतली. हलकी आहे, दिसायलाही बरी, म्हणाले. पहिल्याच दौऱ्यात तिनं त्यांचा भात शाळेच्या पडवीत सांडला.

गेल्या पावसाळ्यात त्यांची पाळी होती. त्यांनी माझी नळीवाली मागून घेतली, डबा स्वतःहून लांब ठेवला. भात केला, वरण केलं. माझं ताट माझ्यापुढे आणून ठेवलं आणि समोर उभे राहिले.

"कसं झालं?"

"मीठ कमी हाय," मी म्हणाले आणि जेवायला लागले.