बुजलेली पायरी

काल भर उन्हाळ्यात कोपरगावच्या घरातली एक शहाबादी फरशी उचकटली. खाली ओला काळा चिखल होता. त्याचा कुबट वास आला आणि आईची गोधडी आठवली. त्या गोधडीला कायम हाच वास यायचा.

घरात लग्न निघालं की वडील मांडवासाठी अंगणात मुरूम टाकायचे. अक्काच्या लग्नात दारातली उरलेली शेवटची पायरीही त्याखाली बुजली. आम्ही पोरं मुरमावर नाचत होतो. उंबऱ्यातून आई म्हणाली, "अवो, आता पावसाचं पानी घराखाली शिरंल."

"चढायचा तरास वाचला की तुजा," वडील म्हणाले. सगळे हसले.

त्याच ओलीवर झोपून आईचे सांधे धरले, मग दमा लागला. तिला शेवटचं बाहेर काढलं, तेव्हा खांदेकऱ्यांना एकही पायरी उतरावी लागली नाही.