पांढऱ्यावर पिवळं

‘सेटिंग आहे ना, बदला की.’ हे वाक्य यापुढे कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी त्याच्या चहात मीठ घालणार आहे. अडचण एवढीच की हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या यादीत माझाच नंबर बराच वर लागतो.

दिवसा मी लोअर परळच्या एका ऑफिसात पगारासाठी प्रोग्रॅम लिहितो. उरलेल्या वेळात मी आणि कुठकुठले चौघे मिळून एक पॅकेज मॅनेजर सांभाळतो, फुकट. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत जाऊन ‘दोन किलो मालवणी’ म्हटलं की दुकानदार मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल सगळं आपणच काढतो, कशाला काय लागतं ते त्याला ठाऊक असतं. पॅकेज मॅनेजर हाच धंदा कंप्युटरमध्ये करतो. अमुक प्रोग्रॅम हवा म्हटलं की त्याला लागणारं बाकीचं सामान शोधून आणतो, जुनं काढतो, नवं लावतो. आणि हे करताना काय चाललंय ते स्क्रीनवर ओळीओळीने लिहीत जातो. त्या ओळी किती दिसाव्यात, कोणत्या रंगात दिसाव्यात, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवावं लागतं. वापरणाऱ्याने काही सांगितलं नाही तर तसंच दिसणार. याला डीफॉल्ट म्हणतात. हॉटेलात नुसतं ‘एक चहा’ म्हटलं की साखर घातलेलाच येतो, तसं.

आमच्यात हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी ते मागून घेतलं होतं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला दोन बाबतींत आपली अक्कल जन्मजात आहे असं वाटतं, मंडळाची सजावट आणि मासळीचा ताजेपणा. रंग ठरवायच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मी सजावटीच्या कमिटीत बसल्यासारखा बोललो. चूक झाली तर लाल, काम झालं तर हिरवा, इथवर कुणाचं दुमत नव्हतं. इशाऱ्यासाठी मी पिवळा मांडला. साधासुधा पिवळा नाही, दादरच्या फुलबाजारात सकाळी सकाळी शेवंतीच्या ढिगावर असतो तो. काळ्या स्क्रीनवर मी तो लावून दाखवला. सुरेख दिसत होता. आमच्या पाचहीजणांच्या स्क्रीन काळ्याच. पडदे ओढून, एसी लावून, काळ्या स्क्रीनपुढे बसलं की आपण काहीतरी थोर करतोय असं वाटतं, म्हणून असेल.

एकाने विचारलं, “पांढऱ्या स्क्रीनवर कसा दिसेल?”

मी म्हणालो, “पांढरी स्क्रीन कोण वापरतं? कारकून.”

सगळे हसले. माझे वडील कारकून होते, आजोबा गिरणीच्या टाइम-ऑफिसात कारकून होते, आणि ज्या चाळीत बसून मी हे बोललो तिथली निम्मी बिऱ्हाडं कारकुनीवर जगली. पण मीटिंगमध्ये माणसाला घराणं आठवत नाही. पिवळा मंजूर झाला.

पुढे काही महिन्यांनी आमच्याकडे एक तक्रार आली. कुठल्याशा संस्थेच्या खात्यावरून, इंग्रजीत. मजकूर असा की तुमच्या पॅकेज मॅनेजरने एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती लावली, तिने जुन्या फायली उघडून आपल्या पद्धतीने परत लिहून ठेवल्या, त्यात तारखांचे सगळे रकाने कोरे झाले, आणि याचा इशारा आम्हाला मिळाला नाही. मी तपासलं. इशारा दिला जात होता, ठळक पिवळ्या अक्षरांत. मी उत्तर लिहिलं की इशारा दाखवला होता, वापरणाऱ्याने वाचला नाही, रंग पटत नसेल तर सेटिंग आहे, बदलावी. आणि तक्रार बंद केली. खाली बाकीच्यांचे पसंतीचे अंगठे उमटले. मी खूश होऊन डिलाईल रोडवर जाऊन वडापाव खाल्ला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. दादा, वहिनी आणि मी. चाळीतल्या दोन खोल्या मधली भिंत फोडून एक केल्यात, त्यात आम्ही तिघं राहतो. वहिनीने बरीच वर्षं घर सांभाळून आता पुन्हा नोकरी धरली होती. परळच्या एका हॉस्पिटलात संशोधन चालतं, तिथे पेशंटची माहिती कंप्युटरवर नीट लावून ठेवायची. नोकरी अजून कच्ची होती, कायम करायचं की नाही ते महिनाअखेर ठरणार होतं. तिथे ती नेमकं काय वापरते हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिनेही माझ्या कामाचं नाव कधी विचारलं नव्हतं. घरात त्याला ‘याचं ते फुकटचं’ म्हणतात.

त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं आणि वहिनी न जेवता नुसती वाटीत बोट फिरवत बसली होती.

दादा म्हणाला, “सांग ना त्याला. तो कंप्युटरवाला आहे.”

“काय सांगू,” वहिनी म्हणाली. “माझी नोकरी जाणार बहुतेक, भावजी.”

मग तिने सांगितलं. तिने एक प्रोग्रॅम अद्ययावत केला, विचारलं तिथे ‘हो’ म्हटलं, आणि कोणता पेशंट परत कधी तपासायला आला त्याच्या तारखाच उडाल्या. त्या संशोधनाचा सगळा जीव त्या तारखांत. आता तिच्या खात्यातली चार माणसं कागदांवरून परत भरत बसली होती. तिने साहेबांना सांगितलं की मला कसलाही इशारा दिसला नाही. साहेबांनी तिथल्या टेक्निकल माणसाकरवी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना विचारलं.

“आणि उत्तर आलं,” वहिनी म्हणाली. “साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवलं. म्हणाले, बनवणारेच सांगतायत तुम्ही वाचलं नाही, आता मी काय करू.”

“कोण आहे हा शहाणा?” दादाने विचारलं.

“नाव नाही. काहीतरी टोपणनाव आहे.” तिने फोन उचलला आणि वाचायला लागली. “इशारा दाखवला होता. वापरणाऱ्याने वाचला नाही.”

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

“काटा लागला काय रे?” दादा म्हणाला. “भात खा कोरडा.”

“रंग पटत नसेल तर सेटिंग आहे, बदलावी,” वहिनीने पुढे वाचलं. “बदलावी म्हणे. जसा यांच्या बापाचाच कंप्युटर आहे तिथे. मला तर दिसतोय हा माणूस. उठल्यावर स्वतःच्या अंथरुणाची घडी न घालणारा. ताट उचलून मोरीत न ठेवणारा.”

मी डाव्या हाताने ताट जरा पुढे सरकवलं. उठून ते मोरीत ठेवून यावं असा विचार होता, पण ते फारच उघड झालं असतं.

“वहिनी,” मी म्हणालो, “तो मीच आहे.”

खालून कुणीतरी पाण्याची मोटर लावली तिचा आवाज यायला लागला. दादा हसायला लागला, वहिनीकडे पाहून थांबला, आणि त्याने उगीच आमटी वाढून घेतली.

वहिनी मला कधी ‘अरे-तुरे’ करत नाही. रागावली की जास्तच ‘अहो-जाहो’ करते. “बरं झालं हो भावजी,” ती म्हणाली. “शोधायला लांब जावं लागलं नाही. हात धुवा. आणि मला दाखवा, कुठे होता तुमचा इशारा.”

ऑफिसात तिचं टेबल खिडकीसमोर आहे. काळ्या स्क्रीनवर तिला स्वतःचा चेहरा आणि मागची ट्यूबलाइट दिसते, म्हणून ती पांढरी स्क्रीन वापरते. तसाच उजेड हवा म्हणून आम्ही माझा लॅपटॉप बाहेर गॅलरीत कठड्याशी स्टुलावर ठेवला. दुपारचं ऊन. मी स्क्रीन पांढरी केली आणि तीच आज्ञा दिली. ओळी भरभर वर गेल्या, मग ‘पुढे जायचं का?’ असा प्रश्न आला. त्या प्रश्नाच्या वर चार ओळींची कोरी जागा होती.

“वाचा,” वहिनी म्हणाली.

मी स्क्रीन तिरकी केली. डोळे बारीक केले. आतून टॉवेल आणून डोक्यावर आणि लॅपटॉपवर घेतला आणि आत वाकलो. शेजारच्या काकू दळण घेऊन चालल्या होत्या. त्या थांबून म्हणाल्या, “सर्दी झाली काय रे? विक्स घाल पाण्यात.” मी टॉवेलखालून ‘हो’ म्हणालो. पिवळं काहीतरी आहे एवढं मला भासलं, कारण तिथे ते आहे हे मला माहीत होतं. शब्द एकही लागला नाही. तो इशारा मी स्वतःच्या हाताने लिहिलेला, तरी मला तो आठवून सांगावा लागला.

टॉवेल काढला तेव्हा मी घामाने निथळत होतो आणि इतका चिडलो होतो की कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. मारण्यासारखा जवळपास मीच होतो. म्हणून मी बाकीच्या चौघांना मीटिंगला बोलावलं.

तिथे काय झालं ते आठवलं तरी माझं डोकं आजही फिरतं. मी म्हणालो, इशारा पांढऱ्यावर दिसत नाही, डीफॉल्ट बदलू या. इशाऱ्याला रंग न देता समोर ‘इशारा’ असा शब्दच लिहू, आणि अक्षरं स्क्रीनच्या नेहमीच्याच रंगात ठेवू. एकजण म्हणाला, दिसायला अगदी सरकारी होईल. दुसरा म्हणाला, इतक्या दिवसांत एकच तक्रार आली आणि ती तूच बंद केलीस. मी म्हणालो, अरे, ज्याला दिसलं नाही तो कशाला तक्रार करेल, त्याला माहीतच नाही की तिथे काही होतं. तिसरा म्हणाला, “पण सेटिंग आहे ना.”

सेटिंग आहे. कुठे आहे? एका लपवलेल्या फायलीत, जिचं नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ती यादीत दिसत नाही. तिच्यात काय लिहायचं ते ज्या पानावर आहे ते पान मी लिहिलंय आणि मलाच ते सापडत नाही. आणि वहिनीच्या हॉस्पिटलात तर सगळ्या कंप्युटरच्या सेटिंग एकाच जागेवरून लागतात, तिला हात लावायची परवानगी नाही. जी वस्तू दिसत नाही, ती दिसत नाही हे आधी ओळखायचं, मग तिची फाइल शोधायची, मग साहेबांकडे परवानगी मागायची, आणि हे सगळं कच्च्या नोकरीतल्या बाईने करायचं. का, तर आम्हा पाचजणांना काळ्यावर शेवंती आवडते म्हणून. हे मी जरा मोठ्याने बोललो. आजूबाजूच्या चार खोल्यांना ऐकू गेलं. काकू पुन्हा डोकावून गेल्या.

शेवटी मत घेतलं. बदल मंजूर झाला, पण कुणाला पटला म्हणून नाही. तू एवढा का पेटलायस ते कळत नाही, पण करून टाक, असं म्हणून त्यांनी हात वर केले. त्यांना मी वहिनीचं सांगितलं नव्हतं. माझ्या घरच्या बाईची नोकरी जाते म्हणून बदल करायचा, आणि दुसऱ्या कुणाची गेली असती तर अंगठे दाखवायचे, हे मला तोंडाने म्हणवेना. खरं मात्र तेवढंच होतं.

मग ती बंद केलेली तक्रार मी पुन्हा उघडली आणि खाली नवं उत्तर लिहायला बसलो. वहिनी मागे खुर्ची घेऊन बसली. मी लिहिलं, ‘काही विशिष्ट परिस्थितीत इशारा कमी ठळक दिसण्याची शक्यता आढळून आली आहे.’

“कमी ठळक?” वहिनी म्हणाली. “टॉवेल आणू का परत?”

मी खोडलं. ‘काही वापरकर्त्यांना’ असं लिहिलं.

“तुम्हाला दिसला का?”

“नाही.”

“मग तसं लिहा की. तुमचं नाव घालून. मला ते सोमवारी साहेबांना द्यायचंय.”

मी लिहिलं की पांढऱ्या स्क्रीनवर हा इशारा वाचताच येत नाही, तो रंग मीच निवडला, आणि ‘वापरणाऱ्याने वाचला नाही’ हे माझं आधीचं उत्तर चूक होतं. टोपणनाव काढून खरं नाव घातलं. या नावाने इंटरनेटवर मी पहिल्यांदाच काही लिहीत होतो.

सोमवारी वहिनीने ते छापून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. “बरं,” म्हणाले. आधी जे बोलले होते ते परत घेतलं नाही. महिनाअखेर तिला कायम केलं नाही आणि काढलंही नाही, कच्ची मुदत तीन महिन्यांनी वाढवली. तिने विचारलं, “रंग त्यांचा चुकला, आणि मुदत माझी का वाढते?” साहेब म्हणाले, वरून आलंय.

आमची नवी आवृत्ती निघाली. त्यात पिवळा नाही. साधा ‘इशारा’ हा शब्द आणि पुढे मजकूर. ती आता पुष्कळ ठिकाणी चालते आहे. वहिनीच्या कंप्युटरवर नाही. त्या घोटाळ्यानंतर हॉस्पिटलात हुकूम निघाला की कुणीही कोणताही प्रोग्रॅम अद्ययावत करायचा नाही, म्हणून तिच्याकडे आमची जुनीच आवृत्ती आहे. सेटिंग बदलायलाही परवानगी नाही. मी टेक्निकल माणसाला फोन केला, हातापाया पडलो. तो म्हणाला, साहेबांना मेल टाका. मी मेल टाकला, त्याला उत्तर नाही. पुन्हा टाकला. तिसरा टाकणार होतो, तर वहिनीने अडवलं. म्हणाली, “पुरे भावजी. तुमच्या मेलमुळे अजून तीन महिने वाढवतील.”

आता ती असं करते. अद्ययावत करणं बंद असलं तरी रोजच्या कामाला लागणारं छोटंमोठं सामान आमच्याच पॅकेज मॅनेजरकडून लावावं-काढावं लागतं, तेव्हा तोच ‘पुढे जायचं का?’ येतो. प्रश्न आला की थांबते, माऊसने वरपासून खालपर्यंत सगळा मजकूर निवडते, म्हणजे तेवढा भाग निळा होतो आणि त्यावर पिवळी अक्षरं उमटतात. ती वाचते, मगच ‘हो’ म्हणते. दिवसातून किती वेळा करावं लागतं विचारलं, तर म्हणाली, “मोजत नाही. मनगट दुखतं तेव्हा कळतं.”