पॅनेलातली डबी

इंदापूर रोडला जनावरांच्या पेंडीचा कारखाना हाय, तितं मी पोत्यांची तोंडं शिवते. भुसा एवढा उडतो की दम पुरत न्हाय, जरा हात चालवला की धाप लागती. मशीन चालवायचं पॅनेल म्हंजी लोखंडी कपाटच. त्याला पंखा लावता येत न्हाय, भुसा आत जाऊन सर्किटाची कार्डं जळत्यात. म्हणून कॉम्प्रेसरची हवा एका बारक्या नळीतनं सोडल्याली. एका टोकानं गरम वारं भाईर पडतं, दुसऱ्या टोकानं गारेगार आत. आमी पत्र्याखाली उकडतोय अन् कपाटाला गारवा.

लेकरू दिवसभर घरी, कळंबला सासूबाईंपाशी असतं. दुपारी छाती भरून दुखायची, मग बाथरूममधी जाऊन अंगावरचं दूध स्टीलच्या डबीत काढायची. पर घरी जाईपतोर नासायचं. एक दिवस कुणी न्हाय बघून डबी त्या पॅनेलात ठिवली, गार हवेच्या तोंडाशीच. तारंला हात लागू नये म्हणून दोन बोटांनीच आत सरकवली. पर दूध टिकलं. मग रोजच ठिवाय लागले.

एका दुपारी मशीन बंद पडलं. आमच्या ऑपरेटर तात्यांनी पॅनेल उघडलं तर आत सगळं तापलेलं, डबी सरकून हवेला आडवी आलेली.

"आरं, दूध! कुण्या शाण्यानं फ्रीज केलाय ह्याचा?"

"आणा हिकडं तात्या, च्या कोराच हाय," हमाल म्हणला.

तात्यांनी झाकण काढून वास घितला. "चांगलं हाय की."

मी पळाले. धाप लागून शब्दच फुटंना. "न्हाय... तात्या... लेकराचं हाय ते."

"घोटभर घितलं तर काय वाळतंय व्हय लेकरू? लई चिकट बया!" हमाल म्हणला, समदी हसली. तात्यांच्या हातातली डबी च्याच्या किटलीवर वाकडी झाली.

"अंगावरचं हाय," मी म्हणले.

मशीन बंद, निस्ती हवेची फुसफुस. तात्यांनी डबी खाली ठिवली, झाकण लावलं, माझ्याकडं बघितलं न्हाय. "सांगायचं व्हतंस, पोरी," एवढंच म्हणले.

दूध नासलं नव्हतं. पर समद्या बाप्यांची नजर त्यात पडल्यागत वाटलं, वाटंत उसाच्या बांधाला वतून दिलं. घरी सासूबाईंनी पिशवी चाचपली.

"आज न्हाय व्हय आणलं?"

"आलंच न्हाय."

 त्यांनी उठून, दूध यावं म्हणून, माझ्यासाठी अळीव भिजत घातलं.