हिरामणचा अंगठा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर मुळीच नाही — ती हिरामणच्या बायकोला बहीण मानते.

आम्ही दोघं शिरपूरकडच्या एकाच गावचे, इथे गुजरातेत, डिंडोलीत एकाच गल्लीत राहणारे. साड्या रंगवायच्या मिलमध्ये मी मास्टर, तो माझ्या हाताखाली मशीनवर. त्याला तिथे मीच चिकटवलं. गावाकडचा माणूस बरा, उलट बोलत नाही.

रंगाच्या मशीनच्या झाकणाला लॉक असतो. आत उकळतं पाणी. दाब उतरेपर्यंत झाकण उघडू नये म्हणून. पण तेवढं थांबायचं कुणी? मी तो लॉक लागूच नये असा तारेनं बांधून टाकला होता. सरकारी साहेब तपासणीला आले की तार सोडायची, गेले की पुन्हा बांधायची. हिरामण एकदा म्हणाला, भीती वाटते. सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं — बांगड्या आणून देऊ का?

त्या दुपारी कापड आत अडकलं. 'उघड,' मी ओरडलो. त्याने उघडलं.

कोपरापर्यंत दोन्ही हात — कातडी हातमोज्यांसारखी उतरली. आणि मी आधी काय केलं? त्याला उचललं? नाही. तार कापून खिशात घातली.

दवाखान्यात मी कागद घेऊन गेलो. गुजरातीत लिहिलेला. त्याला कसंबसं मराठी वाचता यायचं, गुजराती नाही.

"काय लिखेल शे यामा, दादा?"

त्याच्या तोंडी लिहिलं होतं — मास्टरने बजावूनही लॉक मी स्वतः काढला. मी ओळीवर बोट फिरवत, आपल्या अहिराणीत वाचलं — मशीन बिघडेल व्हतं, मनी काहीच चूक नही. किती छान वाचलं मी! कुठे अडखळलोही नाही.

"तू वाचं ना, मंग बस," तो म्हणाला.

पट्ट्यांतून डाव्या हाताचा थोडा वाचलेला अंगठा तेवढा बाहेर होता. मीच तो धरून शाईत दाबला. तो कळवळला.

स्वतःच्या चुकीने भाजला म्हणून मिलने त्याला काढलं. मी मास्टरच राहिलो. त्याला आता बायको भरवते. आणि गल्लीत तो सांगत फिरतो — दादा होता म्हणून निभावलं.

मागच्या रविवारी तो दारात आला, बरोबर मुलगी. ती गुजराती शाळेत आठवीत आहे. पेटीत ठेवलेली त्या कागदाची नक्कल तिला सापडली होती, आणि तिने बापाला ती वाचून दाखवली होती. जशी आहे तशी.

"पोर चुकीनं वाचस, दादा. पाया पडाले लई उनू."

माझ्या पाया पडायला तो तिला घेऊन आला होता. ती वाकली. वाकतानाही माझ्यावरची नजर काढली नाही तिने. लाज वाटली का मला? त्या क्षणी नाही. सुटलो, एवढंच वाटलं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्यादेखत म्हणालो, "नीट वाचत जाय, पोरी."